हिरवीचा हौदा

“चढ लागायच्या आधीच म्हातारी टाक. चढावर गेल्यावर शोधत बसू नकोस.”

ओनोफ्रे शेजारच्या सीटवर बसून, एका हाताने दार धरून मला हे सांगायचा. म्हातारी म्हणजे हिरवीचा सगळ्यात खालचा गियर. त्या गियरमध्ये गाडी माणसाच्या चालीने चालते, पण हौद्यात काहीही भरलेलं असो, मागे सरकत नाही. लग्न होऊन मी या खोऱ्यात आले तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती. ओनोफ्रेने मला हिरवीवरच शिकवलं. एक्कावन्न सालची शेव्ही पिकअप, माझ्या सासऱ्यांनी सफरचंदांच्या पैशांतून नवी कोरी घेतलेली. तिला नुसती किल्ली फिरवून भागायचं नाही. पायाशी एक लोखंडी खुंटी होती, ती चवड्याने दाबली की इंजिन आधी खोकायचं आणि मग जागं व्हायचं. स्टेअरिंगवर डावीकडे एक जागा गुळगुळीत झाली होती. तिथे आधी सासऱ्यांची अंगठी घासायची, नंतर ओनोफ्रेची.

एलॉय चार वर्षांचा होता तेव्हा पाटात पडला. गावाने नुकताच पाट साफ करून पाणी सोडलं होतं, डोंगरावरच्या बर्फाचं पाणी. ओनोफ्रेने त्याला ओढून काढलं तेव्हा पोराचे ओठ निळे पडले होते. रस्त्यावर बर्फ होतं, दवाखान्याची गाडी खालून वर येणार नव्हती. आम्ही त्याला हिरवीत घातलं. मी त्याला पोटाशी घेऊन बसले आणि ओनोफ्रेने उतारावर गाडी सोडली. तेव्हा काचेकडे बघत, मोठ्याने, जणू समोर कोणी बसलं आहे अशा आवाजात तो सांतो निन्योशी, आमच्या बाळ येशूशी, बोलला. पोरगा दे. दिलास तर दर गुड फ्रायडेला ही गाडी तुझ्या वाटेवरच्या माणसांना पाणी देईल. मी आहे तोवर मी, माझ्यानंतर माझी माणसं.

एका माणसाने सगळं ओझं का उचलायचं, म्हणून मीही बोलले. गुड फ्रायडेपर्यंतच्या उपासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी, बारा ते तीन, प्रभू क्रुसावर होता त्या वेळात, मी बोलणार नाही. मान हलवणार नाही, हाताने खूण करणार नाही, कागदावर लिहिणार नाही. नवस बोलताना मी पळवाट ठेवली नाही.

दवाखान्याच्या दारात एलॉयने माझ्या अंगावर पाणी ओकलं आणि रडायला लागला.

त्यानंतर एकही गुड फ्रायडे चुकला नाही. आदल्या दिवशी ओनोफ्रे हौद्याच्या फळ्यांना जवसाचं तेल चोळायचा. ओकच्या फळ्या होत्या त्या, मूळच्या. पहाटे विहिरीवर पिंपं भरायची, हौद्यात चढवायची, आणि मोठ्या चढाच्या वरच्या वळणावर, जिथे चालणाऱ्यांचे पाय पहिल्यांदा बोलायला लागतात, तिथे गाडी उभी करायची. चिमायोच्या देवळाकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंचा सगळा लोंढा तिथून जातो. खांद्यावर क्रूस घेतलेली माणसं, लढाईवर गेलेल्या पोरांच्या आया, अनवाणी मुली. कोणी बाळदेवासाठी इवलेसे नवे बूट हातात धरून चाललेलं असतं. आमचा सांतो निन्यो रात्री घरोघर फिरतो, त्याचे बूट झिजतात, म्हणून लोक नवे आणतात. मी प्यायला पाणी द्यायचे आणि ओनोफ्रे गप्पा मारायचा. बारा वाजले की मी गप्प व्हायचे. मग कोणी मला काही विचारलं तर ओनोफ्रे उत्तर द्यायचा. इतर शुक्रवारीही तसंच. फोन आला, शेजारीण आली, विजेचा माणूस आला, तरी त्या तीन तासांत तो माझं तोंड व्हायचा. कधीकधी चावटपणा करायचा. एकदा त्याने माझ्या कोमाद्रे एरलिंडाला, म्हणजे एलॉयच्या धर्ममातेला, सांगितलं की फेलियाने तुला तिचं लोकरी जाकीट देऊन टाकलंय. तीन वाजेपर्यंत एरलिंडा जाकीट घालून घरी पोचली होती. ते तिने परत दिलं नाही.

फळ्यांवर पिंपांच्या बुडाचे काळे गोल उमटले होते. दर वर्षीचं पाणी सांडून सांडून ते लाकडात मुरले होते.

ओनोफ्रे गेल्यावर पहिल्या वर्षी मी एकटीने हिरवी वर नेली. एलॉयने पिंपं चढवून दिली. चढाच्या आधी मी म्हातारी टाकली. माणसं विचारत होती, ओनोफ्रे कुठाय. बारापर्यंत मी सांगत राहिले. बारानंतर ज्यांनी विचारलं, त्यांना मी पाणी दिलं.

एलॉय एस्पान्योला गावात एका गॅरेजमध्ये गाड्यांचं पत्र्याचं आणि रंगाचं काम करतो. बायको सोडून गेल्यापासून तो आमच्या अंगणातल्या मागच्या खोलीत राहतो. हात चांगला आहे त्याचा. आमच्या खोऱ्यात रविवारी जुन्या गाड्या पोट जमिनीला टेकवून संथ निघतात. बटण दाबलं की मागचे पंप तेल ढकलतात आणि गाडी घोड्यासारखी पुढचे पाय उचलते. मला त्यात काही वाईट वाटत नाही. पोरं त्या गाड्यांवर मेलेल्या माणसांचे चेहरे काढून घेतात. कोणाच्या बोनेटवर आजी असते, कोणाच्या दारावर भाऊ. थडगं डोंगरावर एका जागी राहतं, गाडी गावातून फिरते. आमच्याकडे हा मोठा मान आहे.

तर शरद ऋतूत, मिरच्यांच्या माळा करून झाल्यावर, एलॉय स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला की त्याला हिरवी तशी करायची आहे. बाबांना गाडीवर आणायचंय. त्याच्या गाड्यांच्या क्लबातल्या सगळ्यांनी आपापल्या माणसांच्या गाड्या केल्या, फक्त ओनोफ्रे माएस्तासची नाही.

मी म्हणाले, तिला पाणी न्यायचं असतं.

नेईलच की, तो म्हणाला. मग माझ्यापुढे बसून त्याने माझ्याच घरातलं उदाहरण काढलं. “बाळदेवाला दर वर्षी नवे बूट घालतेस ना तू? त्याने देव बदलतो का? हिरवीलाही नवे बूट घालू.”

गावातल्या आमच्या छोट्या देवळाची झाडलोट माझ्याकडे आहे, तिथल्या बाळदेवाचे बूटही मीच बदलते. मी म्हणाले, “जुने बूट आम्ही टाकत नाही, एलॉय. विकत तर नाहीच. त्यांच्या तळव्यांना वाटेची धूळ लागलेली असते.”

“मग मीही विकणार नाही. काढेन ते सगळं शेडमध्ये ठेवीन. इंजिन, ग्रिल, फळ्या, सगळं. तुला वाटलं तर पुन्हा बसवून देईन. बाबांची शपथ.”

बाबांची शपथ म्हटल्यावर मी हो म्हणाले. तेव्हा माझ्या मनात आलंही की बरं झालं, पोराचा दिवस काही चांगल्या कामात जाईल.

हिवाळाभर तो शेडमध्ये काम करत होता. जे काढायचा ते खरंच भिंतीशी लावून ठेवायचा, वर ताडपत्री घालायचा. मी सकाळची जपमाळ झाली की तिकडे एक फेरी मारायचे. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर, शेजारी गियरबॉक्स, स्प्रिंगचे पाटे, चाकं. स्टेअरिंग खिळ्याला टांगलेलं. फळ्या एकावर एक रचलेल्या. हिरवीचं नुसतं खोकं शेडच्या मधोमध उभं, डोळे काढलेल्या जनावरासारखं. पण ताडपत्रीखाली सगळं होतं, म्हणून मला धीर होता.

उपासकाळातला एक शुक्रवार. मोडाच्या गव्हाची पनोचा, उपासातली आमची गोड खीर, ओव्हनमध्ये होती. बाराची घंटा झाली, मी जपमाळ घेऊन खिडकीशी बसले. माळेचे पहिले दहा मणी संपत आले होते तेव्हा फाटकातून एक पांढरी गाडी ट्रेलर ओढत आत आली. टेक्सासची नंबरप्लेट. एक उंच, वयस्कर, स्वच्छ इस्त्री केलेला माणूस उतरला. एलॉय शेडमधून हात पुसत पुढे झाला. दोघांनी हस्तांदोलन केलं, आणि एलॉयने ताडपत्री ओढून बाजूला केली.

मी बाहेर गेले. चप्पल घातल्याचं मला आठवत नाही.

त्या माणसाचं नाव वेंडेल प्रूइट. मला बघून त्याने टोपी काढली. लबकहून आलो, बाई, म्हणाला. तुमच्या मुलाने सगळं सांगितलं. असल्या वस्तू हल्ली मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी अशा जपलेल्या नसतात. तुमच्या नवऱ्याची काळजी दिसते यात. माझ्याकडे अशीच एक गाडी आहे, तिला एवढंच कमी होतं.

मी एलॉयकडे पाहिलं. एलॉय चेन-पुलीकडे बघत होता.

ज्याच्या जिवासाठी मी तोंडाला कुलूप लावलं, तो त्याच घरात त्याच शुक्रवारांमधून वाढला होता. लहानपणी बारा वाजले की तो माझ्याभोवती नाचायचा, मला हसवायला बघायचा. बापाचा धपाटा खायचा. ते तीन तास त्याच्यासारखे कोणालाच माहीत नव्हते.

इंजिन साखळीला लटकत ट्रेलरवर गेलं. मग गियरबॉक्स. म्हातारी त्यातच होती. मग फळ्या. त्या दोघांनी शेवटची फळी उचलली तेव्हा मी पुढे होऊन तिच्यावर हात ठेवला. ती खूण नव्हती. देवापुढे मी ते सांगू शकते. हात आपोआप गेला आणि गोल डागावर थांबला. ओनोफ्रे असता तर म्हणाला असता, फेलिया म्हणते फळी खाली ठेवा. वेंडेल प्रूइट थांबला. त्याचे डोळे ओले झाले. त्याला वाटलं मी निरोप घेते आहे. तो म्हणाला, “घ्या, बाई, हवा तेवढा वेळ घ्या.”

मी हात काढला.

ट्रेलर गेला. फाटक कोणी लावलं नाही. मी आत येऊन उरलेली माळ ओढली. देवळाची तीनची घंटा झाली तेव्हा एलॉय स्वयंपाकघरात बसून गरम पनोचा खात होता.

“तीनपर्यंत त्याला थांबवता आलं असतं,” मी म्हणाले. इतका वेळ गप्प राहिल्यावर पहिला आवाज घोगरा येतो. तो ऐकून त्याने चमचा थांबवला.

“त्याला उजेडात परत पोचायचं होतं.”

“बारानंतर ये, असं तूच त्याला सांगितलंस.”

त्याने चमच्याने ताटलीची कड खरवडली. मग म्हणाला, रंगवणारा फुकट काम करत नाही, पंप फुकट येत नाहीत. बाबांचा चेहरा काढायचा तर खोऱ्यातल्या सगळ्यात चांगल्या हाताने काढायचा, आणि ते सगळं आणायचं कुठून? गंजत पडलं होतं शेडमध्ये.

गंजत नव्हतं. मी तेल लावत होते. पण ते मी बोलले नाही. मी विचारलं, शपथेचं काय.

“तू बोलली असतीस तर मला जमलं नसतं, आई,” तो म्हणाला. हे त्याने खाली बघून, अगदी खरं सांगितलं. “तू ओरडत नाहीस. ओरडलीस तर मी पण ओरडेन, विषय संपेल. तू हळू बोलतेस. मग माणसाला काही करताच येत नाही. बाबांनाही यायचं नाही.”

“म्हणून देवाची वेळ घेतलीस.”

“देवाने तक्रार केली नाही. तूही तिथेच उभी होतीस, काही बोलली नाहीस.”

“नवस तुझ्यासाठी होता.”

“नवस तुमचा होता. मी चार वर्षांचा होतो. मला कोणी विचारलं?”

“तू पाण्याखाली होतास,” मी म्हणाले.

त्याने ताटली धुवायच्या जागी ठेवली आणि बाहेर गेला. पनोचा त्याने संपवली होती.

शेडकडे जायला मला आठवडा लागला, मग मी वेंडेल प्रूइटला फोन लावला. नंबर शेडच्या दारावर खडूने लिहिलेला होता. मी सांगितलं की मला त्या वस्तू परत हव्या आहेत, तुम्ही दिलेले सगळे पैसे परत करते. त्याने सगळं ऐकून घेतलं. चांगला माणूस होता, त्यामुळे जास्त अवघड गेलं. म्हणाला, बाई, तुम्ही स्वतः तिथे होता. मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. तुम्ही एक शब्द जरी बोलला असता तर मी रिकामा ट्रेलर घेऊन गेलो असतो. तुमचा मुलगा म्हणाला, आईचा आशीर्वाद आहे, ती प्रार्थनेत आहे.

मी त्याला मौनाचं सांगितलं. त्याला ते समजलं की नाही, माहीत नाही. तो म्हणाला, इंजिन बसवून झालं. फळ्याही बसल्या. मग मला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाला, “त्या गोल डागांची काळजी करू नका. रंधा मारून सगळे काढले. आता नव्यासारख्या दिसतात.”

मी विचारलं, तुमची गाडी काय वाहते?

काही नाही, तो म्हणाला. ती ट्रेलरवरून प्रदर्शनाला जाते आणि ट्रेलरवरून परत येते. धुळीत काढली तर गुण कापतात. तुमच्या वस्तूंमुळे आता ती पुरती अस्सल झाली, बाई. तुम्हाला अभिमान वाटायला हवा.

मी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला. आमच्या घरात आभार न मानता फोन ठेवत नाहीत.

पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरना विचारलं, मी त्या वेळी बोलले असते तर नवस मोडला असता का. फादर तरुण आहेत, दयाळू आहेत. ते म्हणाले, देव इतका कठोर नसतो, सेन्योरा, अशा वेळी तुम्ही खुशाल बोलू शकला असता. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पापनिवेदनाच्या खिडकीची जाळी अजून धरून ठेवल्यासारखी मूठ आवळून मी घरापर्यंत चालत आले.

गुड फ्रायडेच्या आदल्या आठवड्यात एलॉयने गाडी सगळ्यांना दाखवायला शेडबाहेर काढली. हिरवी आता हिरवी नव्हती. पिकल्या चेरीच्या सालीसारखा रंग, त्याखाली सोन्याची बारीक धूळ. पोट जमिनीपासून चार बोटं वर. पुढे चकचकीत नवं ग्रिल, साखळीच्या कड्या जोडून केलेलं इवलंसं स्टेअरिंग. आणि मागच्या फाळक्यावर ओनोफ्रे, बाजूला सांतो निन्यो टोपी आणि काठी घेऊन. अंगणात सगळं गाव जमलं. बाया डोळे पुसत होत्या. कोणी माझा हात धरून म्हणालं, बापावर असं प्रेम करणारा मुलगा कुठे मिळतो, फेलिया.

चेहरा खरंच सुंदर काढला होता. ओनोफ्रेच्या डाव्या भुवईत एक व्रण होता, घोड्याने लाथ मारल्याचा, तिथे केस उगवायचे नाहीत. तो भरून काढला होता. पुढचा अर्धा तुटका दात पांढरा करून दिला होता. आमचं लग्न झालं तेव्हाही तो इतका नीटनेटका नव्हता. जे जे मूळचं होतं ते सगळं काढून टाकलेला माझा नवरा फाळक्यावरून माझ्याकडे बघून हसत होता. असा दात दाखवून तो आयुष्यात कधी हसला नाही.

एरलिंडा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “कोमाद्रे, हा कोण टीव्हीवरचा नट? ओनोफ्रेला कळलं तर मत्सर करेल.” एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले, आणि लगेच मला हुंदका आला. लोकांना वाटलं, आनंदाचा.

सगळे गेल्यावर मी हौद्यापाशी गेले. एलॉयने झाकण वर केलं. आत लाल मखमल ताणून बसवली होती, तिच्यामध्ये पंप आणि ओळीने बॅटऱ्या. पिंप सोडा, कळशी ठेवायला जागा नव्हती.

मी विचारलं, पाणी कुठे ठेवायचं?

त्याने त्याचा विचार करून ठेवला होता. गाडी चिमायोच्या देवळाच्या खालच्या मैदानात क्लबाच्या रांगेत उभी राहणार होती. शेजारी बर्फाची पेटी, तिच्यात बाटल्या. वर बाबांच्या नावाची पाटी. लोक येतील, पाणी पितील, गाडी बघतील. तू पुढच्या सीटवर बस, फोटो काढतील. वळणावर कशाला? त्या चढावर ही गाडी चढत नाही, खाली घासते; मैदानात खालच्या सपाट रस्त्याने जाता येतं.

“पाणी ते पाणी, आई. नवस फिटला म्हणजे झालं.”

“वळणावर तहान लागते,” मी म्हणाले. “मैदानात पोचलेला माणूस पोचलेला असतो.”

“मग मी काय करू?”

त्याने ते खरंच विचारलं की चिडून, मला ठरवता आलं नाही. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लबकला एका स्वच्छ गॅरेजात उभं होतं. तिथे ते कधीच कोणाला पाणी देणार नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी परसातली एकचाकी हातगाडी धुतली. ओनोफ्रे तिच्यातून खत न्यायचा. चाकाला तेल दिलं. आत दोन कॅन बसतात, मधे घोंगडी खोचली की आपटत नाहीत. ते नळावर न भरता विहिरीवर भरले. पाण्याचा जुना इनॅमलचा मग खिळ्यालाच होता. त्याचे टवके उडाले आहेत, म्हणून तो कोणी विकत घेतला नसावा.

सकाळी उजाडताना उठले, माळ केली, रिकाम्या पोटी निघाले. एलॉय अंगणात होता. मऊ फडक्याने तो फाळका पुसत होता, बापाच्या कपाळावरचं दव टिपत होता. मी क्षणभर हातगाडी टेकवली. एवढ्या हळुवार हाताने त्याने बापाला जिवंतपणी कधी हात लावल्याचं मला आठवत नाही.

त्याने हातगाडी पाहिली. फडकं खाली आलं.

“आई, हे काय. थांब, मी कोणाची तरी गाडी बोलावतो. क्लबातल्या कोणाची साधी पिकअप असेल.”

मी म्हणाले, नको.

“एवढा चढ तुला जमणार आहे का? लोक काय म्हणतील? मुलगा असली गाडी घेऊन मैदानात उभा, आणि म्हातारी आई रस्त्याने हातगाडी ढकलतेय. विचारतील मला. काय सांगू मी त्यांना?”

बारा वाजायला अजून पुष्कळ वेळ होता. मला बोलता येत होतं. नेहमीसारखं हळूच बोलले.

“सांग, आई तिथेच उभी होती. काही बोलली नाही.”

त्याने तोंड वळवलं. फडकं हातातच राहिलं.

मी फाटक उघडलं, हातगाडी बाहेर काढली आणि मागे फिरून फाटक लावून घेतलं. रस्त्यावर माणसं चालायला लागली होती. एका बाईच्या खांद्यावर झोपलेलं पोर होतं, एक म्हातारा क्रूस ओढत होता, त्याच्या पुढे दोन पोरी नवे बूट छातीशी धरून चालल्या होत्या. चाक मधूनमधून कुरकुरत होतं. कॅनमधलं पाणी आतल्या आत हेलकावत होतं आणि ते हेलकावे मला मनगटांत लागत होते. ओनोफ्रे हिरवी न्यायचा तो रस्ता डावीकडे वळतो. तिथून पुढे चढ दिसायला लागतो. अजून तो लागला नव्हता, पण मी चाल मंद केली.